कुसुमबाईंचा पाय

"तुमी झोपल्या का काय, बाई?" कुसुमबाईंनी विचारलं, तेव्हा जया वांग्याच्या वावरात उभी होती.

म्हणजे शरीरानं ती वॉर्डातल्या लोखंडी स्टुलावरच होती. पण कुसुमबाई सांगत होत्या, की थंडीत सकाळी धुकं असलं की वांग्याची पानं ओली होऊन कशी जड पडतात, आणि त्यांच्यामधून चाललं की लुगडं पोटऱ्यांपर्यंत कसं भिजतं. ऐकता ऐकता जया निघालीच तिकडे. तिच्या पोटऱ्यांना गारवासुद्धा लागला. याला लक्ष देऊन ऐकणं म्हणतात की लक्ष उडणं म्हणतात, हे समुपदेशनाच्या तासाला तिला अजून कुणी सांगितलं नव्हतं.

"नाही मावशी, ऐकून राहिली ना मी."

"मंग सांगा, काय म्हनलं?"

"लुगडं भिजते म्हणाल्या."

"थे तं कवाचंच झालं. मी आता तुरीवर आली." कुसुमबाई हसल्या. हसताना त्यांनी पांघरूण पायावर आणखी ओढून घेतलं. उजव्या पायाची बोटं काळी पडली होती आणि तो वास लपवता येत नव्हता, तरी त्या दिवसातून शंभरदा पांघरूण ओढत. घरात कुणी पाहुणं यावं आणि पसारा झाकावा, तसं त्यांचं चालायचं.

डॉक्टर नुकतेच राउंड घेऊन गेले होते. साखर वाढून पायाची जाणीवच गेलेली, त्यात वावरात काहीतरी टोचलं, ते कळलंच नाही. आता पाय गुडघ्याखाली कापावा लागणार होता. उशीर केला तर गुडघ्याच्या वर, आणि आणखी उशीर केला तर कापूनही उपयोग नाही. हे सगळं डॉक्टरांनी नीट, समजेल अशा भाषेत सांगितलं होतं. कुसुमबाईंनीही ते नीट ऐकून घेतलं होतं आणि म्हटलं होतं, "नाई कापाचा." नवरा पुंडलिकराव बाहेर व्हरांड्यात बसून होते. मुलगा कैलास विनवण्या करून थकला होता. मग केस समाजसेवा विभागाकडे आली आणि तिथल्या रंजिता मॅडमनी ती प्रशिक्षणाला आलेल्या जयाकडे दिली.

'मॅडम' म्हटलेलं जयाच्या अजून अंगवळणी पडलं नव्हतं. वय त्रेचाळीस, राहणार सिंदी मेघे, एम.एस.डब्ल्यू.चं दुसरं वर्ष. वर्गातली बाकीची मुलं तिच्या मुलीच्या वयाची. आकांक्षा पुण्याला नोकरीला लागली, घर रिकामं झालं आणि आईनं कॉलेजात नाव घातलं, याची कॉलनीत बरीच गंमत झाली. "आता या वयात कोणती डिग्री घेता?" असं समोरच्या बाई रोज गेटवर उभं राहून विचारत. जया हसून गाडीला किक मारी. पहिल्या वर्षी सगळे विषय असतात. दुसऱ्या वर्षी एक निवडावा लागतो. मुलं समुदाय विकासाकडे गेली, काही बालकल्याणाकडे. जयानं वैद्यकीय आणि मनोसामाजिक समाजकार्य घेतलं, आणि का घेतलं असं सरांनी विचारलं तेव्हा तिला सांगता आलं नाही.

कारण होतं. कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत ओमप्रकाश, तिचा नवरा, नागपूरच्या एका दवाखान्यात दाखल झाला. दोन दिवसांनी जयालाही ताप आला आणि तिला वर्ध्यात दुसरीकडे ठेवलं. तो गेला तेव्हा ती खाटेवर होती. प्लास्टिकमध्ये गुंडाळून गाडीनं नेलं, असं नंतर कळलं. कुणी नेलं, कुठल्या घाटावर नेलं, हे त्या गर्दीत कुणी धड सांगू शकलं नाही. त्या दिवसांत एका बाईंचा तिला रोज फोन येई. "जयाताई, जेवल्या का?" एवढंच विचारायच्या. जया 'हो' म्हणायची, मग दोघीही काही न बोलता थोडा वेळ फोन धरून असायच्या. त्या बाई समाजसेवा विभागातल्या होत्या. त्यांचा चेहरा जयानं कधी पाहिला नाही. पण तो आवाज तिच्या कानात अजून होता, आणि आपणही कुणाच्या तरी कानात असा आवाज व्हावं, असं तिला वाटे. हे सरांना कसं सांगणार?

रंजिता मॅडम तिच्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी लहान, पण कामात मुरलेल्या. त्यांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं.

"जयाताई, पेशंटला पटवणं आपलं काम नाही. पटवायला बाकी सगळे आहेत. तिला नेमकं काय गमवायची भीती वाटते, तेवढं शोधा."

म्हणून जया रोज स्टुलावर बसत होती. कुसुमबाईंना दुखण्याची भीती नव्हती. "दोन बाळंतपनं वावरात झाली माही," त्या म्हणाल्या. ओझं होण्याची भीतीही नव्हती. सून चांगली होती आणि बसून भाजीच्या जुड्या बांधायला पाय लागत नाही, हे त्यांनीच सांगितलं. गिरडच्या अलीकडे त्यांचं तीन एकर वावर. वांगी, मेथी, सांबार म्हणजे कोथिंबीर, मिरची. बाजाराच्या दिवशी गिरडला, नाहीतर समुद्रपूरला. वावरात कुठूनही मान वर केली की टेकडीवरचा दर्गा दिसे. पाण्याची मोटर सुरू केली की त्या दांडाच्या, म्हणजे पाटाच्या, काठानं चालत जात आणि टाचेनं माती सरकवून एक वाफा बंद, एक वाफा उघडा करत. फावडं हातात असलं तरी टाचच वापरत. हे सांगताना त्यांचा पांघरुणाखालचा पाय किंचित हलला, असं जयाला वाटलं. पण तिला पुष्कळ काही वाटत असे.

आणि मग त्या दिवशी, तुरीचं बोलणं संपल्यावर, कुसुमबाईंनी सहज विचारलं.

"कापल्यावर थो पाय कुठी ठेवते, बाई?"

आदल्याच आठवड्यात दवाखान्यातल्या कचऱ्यावर तास झाला होता. पेशंटशी खोटं बोलायचं नाही, माहिती दडवायची नाही, हेही शिकवलं होतं. आपल्याला उत्तर येतं आहे, याचा जयाला आनंदच झाला.

"पिवळ्या पिशवीत ठेवतात, मावशी. मग गाडी येते, ती दूर नेते. तिथं मोठी भट्टी असते. सगळं नियमानं होते, काळजी करू नका."

"आनखी काय काय असते थ्या पिशवीत?"

"असंच. पट्ट्या, रक्ताचा कापूस..."

"म्हंजे कचरा."

कुसुमबाईंनी तोंड भिंतीकडे केलं. पांघरूण ओढायचंही त्यांनी सोडून दिलं.

दुसऱ्या दिवशी त्या कुणाशीच बोलल्या नाहीत. जया स्टुलावर बसली, उठली, परत बसली. "मावशी, वांग्याचं काय झालं?" असंही तिनं विचारून पाहिलं. कुसुमबाईंना ताप चढला होता. सिस्टर सलाइन लावून गेल्या आणि जाता जाता जयाकडे बघून त्यांनी मान हलवली.

कैलासनं तिला व्हरांड्यात गाठलं. "तुमी काय सांगतलं मॅडम मायले? कालपर्यंत आयकत तं होती. आता जेवत बी नाई. डॉक्टर म्हनते का आता एखादाच दिवस हाय आपल्यापाशी."

जयानं जे सांगितलं होतं ते सांगितलं. कैलासनं ते ऐकून घेतलं. रागावला नाही, हेच जयाला जास्त लागलं. पुंडलिकराव बाकावर बसल्या बसल्या म्हणाले, "तिले नख बी इकडं-तिकडं टाकलेलं चालत नाई, बाई. केस इंचरले का गुंता बांधून वावरात पुरते. आन तुमी पायाचं असं सांगतलं."

त्या दिवशी सिंदी मेघेला जाताना जयानं गाडी दवाखान्यातच ठेवली आणि ती ऑटोत बसली. ऑटो चालली आणि तिचं मन नेहमीसारखं सुटलं. तिला पिवळी पिशवी दिसली. मग ती पिशवी मोठी होत होत माणसाएवढी झाली आणि तिचा रंग बदलला. गाडीत ओळीनं अशा पिशव्या, आणि त्यातली एक ओमप्रकाशची. कोणती, ते कळेना. ती धावत होती आणि गाडी पुढं जात होती, आणि कुणीतरी सारखं म्हणत होतं, सगळं नियमानं होते, काळजी करू नका. तेव्हाही कुणीतरी तिला हेच म्हटलं होतं. नेमकं हेच. आणि तेव्हा जयानंही भिंतीकडे तोंड केलं होतं.

"इथंच उतरनार ना, ताई?" ऑटोवाल्यानं विचारलं.

"नाही," जया म्हणाली. "परत घ्या."

रंजिता मॅडम कपाट बंद करून निघायच्या बेतात होत्या. जया दारातूनच बोलली.

"मॅडम, पाय घरच्यांना देता येते का?"

रंजिता मॅडमनी पर्स परत टेबलावर ठेवली. "मागितला तर देतात. धर्माच्या कारणानं मागतात कधी कधी लोक. त्याची एक रीत आहे, वरून परवानगी घ्यावी लागते. नीट बांधून देतात आणि नीट पुरायची जबाबदारी घरच्यांची. पण फारसं कुणी मागत नाही."

"त्यांना माहीतच नसते, मॅडम. मग कसं मागतील?"

"बसा आधी." मॅडमनी तिच्यापुढे पाण्याची बाटली सरकवली. ओमप्रकाशचं त्यांना माहीत होतं. "जयाताई, एक विचारते. राग मानू नका. हे कुसुमबाईंसाठी चाललं आहे, की तुमच्यासाठी?"

समाजकार्याच्या पुस्तकात या प्रश्नाला मोठं प्रकरण आहे. जयानं ते पाठ केलं होतं आणि परीक्षेत बरं लिहिलंही होतं. आता तिच्या डोळ्यांपुढे त्यातली एक ओळ येईना.

"मले नाही माहीत, मॅडम," ती म्हणाली. घाईत तिच्या तोंडून घरची बोली निघाली.

रंजिता मॅडमनी फोन उचलला. एकाला लावला, दुसऱ्याला लावला, तिसऱ्याशी जरा चढ्या आवाजात बोलल्या. ठेवला तेव्हा म्हणाल्या, "पेशंट आणि मुलगा, दोघांनी मागायला हवा. जा, विचारा."

वॉर्डात दिवे लागले होते. जेवणाच्या गाडीचा आवाज दूर जात होता. जया स्टूल न ओढता खाटेच्या कडेलाच बसली, जे करायचं नसतं.

"मावशी," ती भिंतीकडच्या पाठीला म्हणाली, "वावरात कुठी पुराचा?"

पाठ हलली नाही.

"पाय. घरी देते म्हणतात. कैलासभाऊच्या हातात देतील. कुठी पुराचा, ते सांगून ठेवा. मागून मग गडबड नको."

मग कुसुमबाई सावकाश वळल्या. तापानं डोळे लाल झाले होते.

"कोन म्हनते देतो म्हनून?"

"मी विचारून आली."

"पिशवीत?"

"तुमच्या लुगड्यात. काकांना सांगते, उद्या घेऊन येतील."

"हिरवं आना म्हना. मऊ हाय थे." त्या छताकडे बघत राहिल्या. आता त्याही वावरात गेल्या आहेत, हे जयाला दिसलं आणि तीही मागून गेली. दोघी दांडाच्या काठानं चालल्या. "वांग्यात नोको," कुसुमबाई म्हणाल्या. "लोकं खाते वांगे. मिरचीत बी नोको. कडेच्या धुऱ्यावर निंब हाय, त्याच्या खाली... नाई, तिथं बैल बांधते कैलास, तुडवन."

"विहिरीपाशी?"

"विहिरीपाशी ओल लय. दांड जिथून सुरू होते ना, मोटरच्या पायपाच्या डाव्या अंगाले, तिथं जागा हाय. तिथूनच मी पानी सोडत जाओ." त्यांनी डोळे मिटले. "तिथं पुरा म्हना."

"बरं."

"आन खोल खांदजा. कुत्रे हायेत गावात."

"बरं, मावशी."

"मंग कापा," कुसुमबाई म्हणाल्या आणि त्यांनी जयाचा हात धरला. त्यांचा हात तापानं भाजत होता.

सकाळी ऑपरेशन झालं. दुपारी कैलासच्या मांडीवर एक बांधलेला डबा होता आणि तो भाजीच्या गाडीत पुढं बसला होता. जयाला मॅडमनी जायची परवानगी दिली होती. पुरलं जातं की नाही हे कुणीतरी बघायला हवं, असं त्या म्हणाल्या. पुंडलिकराव तिच्याशेजारी, मांडीवर हिरवं लुगडं घडी घालून. मागं रिकामी क्रेट एकमेकांवर आपटत होती. तुरी पिवळ्या फुलल्या होत्या आणि कापसाच्या वेचणीला बाया वाकलेल्या होत्या. हे सगळं आपण आधी कधीतरी पाहिलं आहे असं जयाला वाटत राहिलं, आणि खरंच पाहिलं होतं, स्टुलावर बसून.

मोटरच्या पाइपाच्या डाव्या अंगाला शेजाऱ्यांनी खड्डा खणून ठेवला होता. सून पदर खोचून उभी होती. पुंडलिकरावांनी डबा उघडला, आतलं पांढरं कापड तसंच ठेवून त्याच्याभोवती हिरवं लुगडं गुंडाळलं. बाळाला गुंडाळतात तसं, टोकं आत दुमडून. मग ते गाठोडं जमिनीवर ठेवलं आणि सगळे भोवती उभे राहिले.

आता पुढं काय करायचं, हे कुणालाच माहीत नव्हतं. माणूस गेला तर काय करायचं ते गावात लहान पोरांनाही ठाऊक. पण इथं माणूस जिवंत होता, दवाखान्यात गुंगीत झोपला होता.

"नारळ फोडा लागते का?" कैलासनं विचारलं.

"नारळ काऊन? काई शुभ हाय का?" शेजारी म्हणाला.

"मंग काई म्हना तं लागन ना."

"काय म्हनाचं? बुढी तं जित्ती हाय, बाप्पा."

कुणीतरी हसलं आणि लगेच गप्प झालं. मग सून हळूच म्हणाली, "पाया तरी पडून घ्या ना सगळे."

ती सवयीनं बोलली होती. कुणी गेलं की उचलायच्या आधी घरातलं वडीलधारं माणूस असंच म्हणतं, आणि मग एकेक जण पायाशी वाकतो. इथं तर तेवढंच होतं. कैलास वाकला. सून वाकली, तिनं पदर जमिनीला टेकवला. शेजारी वाकले. पुंडलिकराव मात्र तसेच उभे राहिले.

"जलमभर थेच माह्या पाया पडली," ते कुणाकडेही न बघता म्हणाले. मग गुडघ्यावर हात ठेवून, कण्हत, ते खाली बसले आणि त्यांनी हिरव्या लुगड्यावर कपाळ टेकलं.

जया बाजूला उभी होती. तिचं काम बघण्याचं होतं. पण सगळ्यांचं झाल्यावर सुनेनं तिच्याकडे पाहिलं, आणि जया पुढं झाली. खाली बसून तिनं दोन्ही हात लुगड्यावर ठेवले. आतली टाच हाताला लागली, गार आणि कठीण. ओमप्रकाशचे पाय तिला शेवटी कुणी दाखवले नव्हते. तो गेल्यावर ती रडली नव्हती असं नाही. पुष्कळ रडली होती, उशीत, बंद खोलीत. पण ज्याच्यावर डोकं टेकून रडावं असं काही तिला मिळालंच नव्हतं. तिनं डोकं टेकलं आणि तिच्या तोंडून "अहो" एवढंच निघालं. मग तिला आवरेना. सून शेजारी येऊन बसली आणि तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. दर्ग्याच्या टेकडीवर ऊन होतं. पुंडलिकरावांनी पहिली मूठ माती टाकली, तेव्हा जया उठून मागं सरली.

दुसऱ्या दिवशी दुपारी कुसुमबाई शुद्धीवर होत्या आणि त्यांचा ताप उतरत होता. पांघरूण एका बाजूला सपाट पडलं होतं. ते त्यांनी आज ओढलं नाही.

"कोन कोन होतं?" त्यांनी विचारलं.

जयानं नावं सांगितली.

"खोल खांदलं?"

"हो. कमरेएवढं."

"रडलं का कोनी?"

खोटं बोलायचं नाही, हे शिकवलेलं होतं.

"मी रडली."

कुसुमबाईंनी तिच्याकडे नीट पाहिलं. तिच्या कपाळाकडे पाहिलं, गळ्याकडे पाहिलं. इतके दिवस त्यांनी हे विचारलं नव्हतं.

"मालक कवा गेले तुमचे?"

"चार वर्षं झाली. लाटेत. मी पाहिलं नाही त्यांना."

शेजारच्या खाटेवर कुणीतरी संत्रं सोलत होतं. मग कुसुमबाईंनी विचारलं, "काल पुरल्यावर त्याईनं आंग धुतलं?"

"सगळ्यांनी. मोटरखाली."

"आन तुमी?"

"मी हातपाय धुतले, मावशी. मग घरी गेली. सकाळी केली ना आंघोळ."

"रोजचं आंग धुनं निराळं असते, बाई. मालक गेले तवा बी नसन धुतलं तुमी. कोन सांगन तुमाले, तापात होत्या." त्यांनी हातानं दाराकडे खूण केली. "जा घरी. कोनाशी बोलू नोका, सरळ जा. डोक्यावरून घ्या पानी. मंग च्या करून पेजा."

जयाची ड्यूटी संपायला अवकाश होता. तरी ती उठली. रंजिता मॅडमच्या दारावरून जाताना ती थांबली नाही आणि मॅडमनी मान वर करून पाहिलं, पण हाक मारली नाही. सिंदी मेघेत समोरच्या बाई गेटवर उभ्याच होत्या. त्यांनी काहीतरी विचारलं. जया न बोलता आत गेली आणि तिनं दार लावलं.

भर दुपारी तिनं वेणी सोडली. बादली भरली, पाटावर बसली आणि पहिला मग डोक्यावर ओतला. पाणी कपाळावरून, मिटलेल्या डोळ्यांवरून खाली गेलं. लग्नानंतर उखाण्याशिवाय तिनं नवऱ्याचं नाव कधी घेतलं नव्हतं. तिनं ते आता एकदा मोठ्यानं घेतलं आणि हातातला मग पुन्हा बादलीत बुडवला.